मांजर छाप

जुबेदा आपांच्या अंगणात तिखट लागलेल्या माणसाला पाणी मिळत नसे. माठ कायम भरलेला असायचा, वर पितळी झाकण, झाकणावर पालथा पेला. तहानलेला कोणीही यावा आणि प्यावं. पण एकदा का तुम्ही त्यांचा मिरचीचा सॉस जिभेला लावलात आणि मग माठाकडं वळलात, की आपा आडव्या यायच्या. "पानी नाई भेटनार. पान्यानं आग पसरते, इझत नाई. हे घे." आणि तळहातावर गुळाचा खडा.

एकदा यवतमाळहून एक साहेब तपासणीला आले होते. चमचाभर सॉस त्यांनी ऐटीत तोंडात टाकला आणि पुढं बराच वेळ त्यांना फाईल उघडता आली नाही. "पाणी," ते म्हणाले. आपांनी गूळ पुढं केला. "अहो बाई, पाणी द्या!" साहेब कळवळले. आपा जागच्या हलल्या नाहीत. "साहेब, तुमी सरकारी मानूस हाये, पन जीभ तं सरकारी नाई ना? गूळ घ्या." साहेबांनी मुकाट्यानं गूळ घेतला. पाचेक मिनिटांनी त्यांनी दुसरा चमचा मागितला, तेव्हा कुठं आपा हसल्या.

मी आर्णीचा. धंदा पेंटरचा, म्हणजे होता. फ्लेक्स आला आणि आमच्या ब्रशांना वाळवी लागली. पण त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं आर्णीपासून महागावपर्यंत ज्या भिंतीवर काही लिहिलेलं दिसेल, ते बहुतेक माझ्या हातचं असायचं. शाळेचे सुविचार, दवाखान्याच्या पाट्या, पुढाऱ्यांची नावं. आणि आपांच्या बाटलीवरचं लेबल. त्या लेबलामुळं मी आपांच्या गोष्टीत आलो. नाहीतर त्यांच्या गोष्टीत माझ्यासारख्याचं काही काम नव्हतं.

सॉस हा शब्द नंतर आला. आपांचे सासरे, इस्माईल चाचा, बसस्टँडवर कचोरीची गाडी लावायचे. कचोरीबरोबर मिरचीची पातळ चटणी द्यायचे, तिला गिऱ्हाइकं 'लाल पाणी' म्हणत. एका हिवाळ्यात चाचांनी ओल्या लाल मिरच्या मिठाच्या पाण्यात, चिनीमातीच्या बरणीत भिजत घातल्या. दोन दिवसांनी वाटायच्या होत्या. आणि दुसऱ्याच दिवशी मशिदीतून जमात निघाली, चाचा तिच्याबरोबर चिल्ल्याला गेले. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस गावोगाव फिरून धर्माचं सांगायचं. जाण्याच्या गडबडीत चाचा घरात बरणीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. चाळीस दिवसांनी परत आले, फडकं सोडलं, तर मिरच्या आंबून मऊ झालेल्या आणि वास असा की दारावरून जाणारा माणूस थांबावा. चाची फेकून द्यायला निघाल्या होत्या. चाचांनी त्यात लसूण घातला, थोडा गूळ घातला, वाटलं आणि गाडीवर नेलं. त्या दिवशी कचोऱ्या दुपारीच संपल्या. पुढं आयुष्यभर चाचांनी मिरच्या चाळीस दिवसच मुरवल्या. एकोणचाळीस नाही की एकेचाळीस नाही. ती पहिली बरणी 'थोरली' या नावानं घरात राहिली. तिच्यामागून आणखी आठ आल्या.

बाटलीत सॉस भरायची कल्पना आपांच्या नवऱ्याची, रहीमभाईंची. माणूस हौशी होता. माझ्याकडं आले आणि म्हणाले, "पेंटर, लेबलवर वाघ पायजे. टिपेश्वरच्या जंगलातला. पाहून मानसाले घाम फुटला पायजे." मी वाघ पाहिलेला नव्हता. आमच्या घरी मनी नावाची मांजर होती, तिला समोर बसवलं, पट्टे मनानं ओढले. मनीला दुधाची सवय, त्यामुळं चेहऱ्यावर जे समाधान आलं ते काही केल्या पुसता येईना. चित्र पाहून रहीमभाईंचा चेहरा पडला. "हे काय हाये?" मी म्हणालो, "वाघ." तेवढ्यात आतून आपा आल्या. नवीन लग्न झालेलं, डोक्यावर पदर, आणि चित्र पाहून त्या इतक्या हसल्या की पदर खाली आला.

"राहू द्या हे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "वाघ जंगलातून निघत नाई. मांजर घराघरात जाते."

वर 'वाघ छाप' लिहिलेलं, खाली दुधावर तृप्त झालेली आमची मनी. दोन महिन्यांत साऱ्या तालुक्यात त्याला 'मांजर छाप' हेच नाव पडलं. पुढच्या खेपेला आपांनी वरचं नावही तेच लिहायला लावलं. मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. थट्टा होतीच, पण धंद्याचं डोकंही त्यांचंच होतं.

पाच-सहा वर्षांनी दिग्रसच्या रस्त्यावर जीप उलटली आणि रहीमभाई गेले. आपांना मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर सलीम होता, तो मनानं चांगला पण वाऱ्याच्या दिशेनं वाकणारा. नातेवाईक म्हणाले, आता बरण्या विका, माहेरी जा. आपा इद्दतचे, म्हणजे नवऱ्यामागं बाईनं पाळायचे, चार महिने दहा दिवस घरात बसल्या. शेवटचा दिवस सरला त्याच्या दुसऱ्या सकाळी बाहेर आल्या आणि पहिल्यांदा थोरलीला कान लावला.

हे कान लावणं पाहायला लोक यायचे. बरणीवर आडवा हात टाकून, गाल चिकटवून, डोळे मिटून आपा ऐकत. मिरच्या आंबायला लागल्या की आत बारीक सळसळ होते, बुडबुडे येतात. "पयले तीन-चार दिवस मुकी असते," त्या सांगत. "मंग बडबड सुरू. कोनाचं ऐकत नाई. मंग एक दिवस गप्प. गप्प झाली म्हनजे अक्कल आली. मानसासारखंच हाये. फक्त काही मानसं आखरीपर्यंत गप्प होत नाई." हे शेवटचं बोलताना त्या माझ्याकडं बघत.

हिवाळ्यात अंगणात मिरच्यांची रास पडायची आणि देठ खुडायला बाया यायच्या. गावातल्या, मोहल्ल्यातल्या आणि जवळच्या तांड्यावरच्या बंजारा बाया. त्यांची पुढारी सकरीबाई. दंडापर्यंत बांगड्या, खणखणीत आवाज, आणि आपांशी दिवसातून चार वेळा भांडण. आपा तिला 'सकरे' म्हणत, ती आपांना 'आपा' म्हणून मान द्यायची आणि लगेच मान काढून घ्यायची. देठ खुडताना सगळ्यांचे डोळे वाहत. आपांचा एक नियम होता, की अंगणात कोणी कोणाचे डोळे पुसायचे नाहीत आणि काहून रडतेस हे विचारायचं नाही.

त्या नियमाचा अर्थ मला कपाशीच्या त्या वाईट वर्षांत कळला. बोंडात अळी, पाऊस नको तेव्हा, भाव हवा तेव्हा नाही. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येई. गाड्या येत, माणसं उतरत, फोटो काढत, जात. ज्या घरच्या शेतकऱ्यानं जीव दिला होता तिथल्या बाईला बाहेरच्या माणसांपुढं रडून दाखवावं लागे आणि घरातल्या माणसांपुढं गप्प राहावं लागे. अशा दोन-तीन बाया आपांकडं खुडायला यायच्या. मिरच्यांच्या राशीपाशी बसून त्या पोटभर रडत आणि शेजारची आपले डोळे पुसत म्हणे, यंदाची मिरची लयच तेज आहे बाई. एका पत्रकार पोरानं अंगणात येऊन फोटो काढायला कॅमेरा उचलला, तेव्हा आपांनी मूठभर मिरच्या त्याच्या पुढ्यात टाकल्या. "बस. खुड आधी. मंग काढ." तो घंटाभर बसला. जाताना फोटो न काढता गेला.

आणि मी त्या वर्षांत काय करत होतो? मी भिंती रंगवत होतो. कीटकनाशकाच्या जाहिरातींना तेव्हा पूर आला होता. हिरवंगार शेत, पांढरीफेक बोंडं आणि मधे फेटेवाला शेतकरी, बत्तीस दात दाखवून हसणारा. मी रंगवलेला शेतकरी एवढा हसायचा की खरे शेतकरी त्या भिंतीकडं पाहत नसत. मला त्याची लाज वाटायची, पण घर चालत होतं. सलीमनं आपांना न विचारता रस्त्याकडची अंगणाची भिंत एका कंपनीला वर्षभरासाठी दिली आणि तिथंही मी एक हसणारा उभा केला. आपांनी तो पाहिला. मला थांबवून एवढंच विचारलं, "पेंटर, हा काहून हसून राह्यला?"

मी रंगाचे डबे उचलले आणि निघालो.

त्याच हिवाळ्यात नागपूरचे शेठ आले. बसस्टँडवरच्या कचोरीच्या गाड्या निम्म्या झाल्या होत्या, गावात पैसाच फिरत नव्हता, आणि मांजर छापच्या बाटल्या दुकानात धूळ खात होत्या. शेठना नाव हवं होतं, चित्र हवं होतं. सॉस त्यांच्या कारखान्यात होणार, बाहेरून आणलेल्या मिरचीच्या भुकटीत आंबट अर्क आणि रंग घालून, एका दिवसात. आपांनी घरी बसावं, त्यांना हयातभर काही कमी पडणार नाही. सलीमला हे पटलं होतं.

आपांनी आधी खायला दिलं. आमची सगळ्यांची खात्री होती की हा माणूस आता माठाकडं धावणार. पण शेठ जेवायला बसावं तसे बसले, कचोरी सॉसमध्ये बुडवून खाल्ली, कपाळावरचा घाम पुसला, माठाकडं ढुंकून पाहिलं नाही आणि म्हणाले, "आपाजी, आणखी थोडा." खाऊन झाल्यावर त्यांनी थोरलीजवळ जाऊन तिला हात लावून नमस्कार केला. खोटं कशाला सांगू, मलाही माणूस आवडला.

ते गेल्यावर सलीम म्हणाला, "भाभी, आदमी अच्छा है."

"अच्छा है," आपा म्हणाल्या. "इसीलिए नहीं दूँगी." मग माझ्याकडं वळून आमच्या बोलीत, "वाईट मानसाले देल्लं असतं तं त्यानं दोन सालात बुडवलं असतं, अन म्या वापस घेतलं असतं. चांगला मानूस चालवीन. चालवीन अन या बायका घरी बसतीन. त्या घरी बसून काय करतीन, तू सांग."

अंगणात तेव्हा वीस-बावीस बाया खाली माना घालून खुडत होत्या आणि त्यांच्यातली एकही बोलत नव्हती. सकरीबाईसुद्धा.

खरा घाव त्यानंतर बसला. मिरच्या सकरीबाईच्या तांड्यावरून येत. आपांनीच दोन वर्षांपूर्वी मागं लागून तिथल्या लोकांना कपाशीच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधालगत, मिरचीच्या चार-चार ओळी लावायला सांगितली होती. या हिवाळ्यात मिरची झकास आली. नऊच्या नऊ बरण्या भरल्या, मीठ पडलं, फडकी बांधली गेली. चौथ्या दिवशी आपांनी कान लावला. मुकी. सहाव्या दिवशीही मुकी. आठव्या दिवशी त्या एकेका बरणीपाशी जाऊन आल्या, परत थोरलीपाशी आल्या, आणि तिथंच खाली बसल्या. नऊ बरण्यांत एक बुडबुडा नव्हता.

त्यांनी सकरीबाईला बोलावलं. ती आली ती दारातच उभी राहिली. नेहमीचा आवाज नव्हता.

"सकरे, मिरचीले काय केलं?"

सकरीबाईनं थोडा वेळ बांगड्या मागंपुढं केल्या. मग म्हणाली, "फवारलं, आपा. कपाशीले फवारून राह्यले होते. पंपात औषध उरलं होतं. घरचे मालक म्हने, मिरचीलेबी अळी लागन, एवढी चांगली आली हाये. तोडाच्या आदल्या दिवशी मारलं. तुमचं नुसकान होऊ नोये म्हनून मारलं, आपा."

आमच्याकडं हीच चूक होऊ शकते. कपाशी वाचवता वाचवता माणसाचा हात पंपावरून निघतच नाही. समोर जे हिरवं दिसेल त्यावर तो औषध मारतो, आणि ते मायेनं मारतो.

सलीम बरणीचा वास घेत घाईनं पुढं झाला. "भाभी, बास तो अच्छा है. लसून जादा डालेंगे. किसकू समजता?"

"मेरेकू समजता," आपा म्हणाल्या.

मग म्हणाल्या, खड्डा खणा. अंगणामागं खड्डा खणला. नऊ बरण्या एकामागून एक रिकाम्या झाल्या. आठ बरण्या बायांनी ओतल्या, थोरली आपांनी स्वतः. वर चुना टाकला, माती ओढली. सकरीबाई शिव्या खायच्या तयारीनं उभी होती. आपा हात धुऊन तिच्यासमोर गेल्या. "तू खरं बोलली. खोटं बोलली असती तं म्या लसून टाकला असता, अन कोनाच्या लेकराच्या पोटात गेलं असतं." सकरीबाईनं तोंडाला पदर लावला. अंगणात त्या दिवशी मिरची नव्हती, त्यामुळं कोणाला काही कारण सांगता येईना. पण नियम नियमच. कोणी तिला विचारलं नाही.

सलीम म्हणाला, आता तरी शेठला फोन करू. आपांनी उरलेला चुना बादलीत कालवला, केरसुणी उचलली आणि रस्त्याकडं निघाल्या. मी माझ्या दुकानातून पाहिलं, की आपा माझ्या हसणाऱ्या शेतकऱ्याच्या दातांवर चुना मारतायत. मी धावत गेलो. कोणीतरी कंपनीच्या माणसाला कळवलं, तोही मोटारसायकलवर आला. "बाई, वर्षाचा करार आहे!"

"करार सलीमचा. भिंत माही हाये," केरसुणी न थांबवता आपा म्हणाल्या. "तुह्या या मानसाले इतकंच हसू येत असन तं त्याले आत पाठव. देठ खुडन. हसनं आपोआप बंद होते." मग मला म्हणाल्या, "पाहत काय राह्यला? ब्रश आन. इथं मांजर काढ. मोठी."

कंपनीचं काम पुन्हा मिळणार नाही, हे मला कळत होतं. मी ब्रश आणला. आयुष्यात मी भीत भीत जी काही कामं केली, त्यातलं हे एक. पण ती मांजर मी रस्त्याच्या पार टोकावरून दिसेल एवढी काढली. आजही मला तिचा अभिमान वाटतो.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून आपांनी सकरीबाईची उलटतपासणी घेतली.

"शेत कोनाच्या नावावर हाये?"

"मालकाच्या."

"फवारते कोन?"

"मालक."

"अन घरामागची वाडी? दोडके, वाल लावते ते?"

"तिथं कोन येते, आपा? तिथं तं मीच."

"पंप येते तिथं?"

"वाडीत कायले येईन पंप?"

"मंग मिरची तिथं लाव," आपा म्हणाल्या. "शेतावर मालकाचं चालते. वाडीत तुह्यं."

मोसम सरत आला होता. पण घरामागच्या वाडीत प्रत्येक बाईची दोन-चार झाडं असतातच, घरच्या ठेच्यापुरती. दुसऱ्या दिवसापासून आपा आणि सकरीबाई एसटीनं फिरू लागल्या. तांडे, कोलाम आदिवासींचे पोड, अरुणावती नदीच्या काठची खेडी. भांडत जायच्या, भांडत यायच्या. कोणी ओंजळभर देई, कोणी डबाभर. "आमच्या तांड्यावर आपा मिरच्या मागत फिरते," अशी आधी थट्टा झाली, मग बायाच आपण होऊन घेऊन यायला लागल्या. आठवडाभरात दोन बरण्या भरल्या. थोरली आणि तिच्या शेजारची. नऊपैकी दोन.

चौथ्या दिवशी सकाळी अंगणात पन्नासेक माणसं जमली होती. त्यात कचोरीवाले होते, मोहल्ल्यातले मेकॅनिक होते, मी होतो. आपांनी कान लावला. डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी एक बोट वर केलं आणि ते बोट हळूहळू हलवायला लागल्या, आत काहीतरी चाललंय त्याच्या तालावर. सकरीबाई ओरडली, "ये याडी!" म्हणजे अगं आई, आणि तिनं तिच्या बोलीतलं लग्नातलं गाणंच सुरू केलं. आपांनी तिला गप्प केलं नाही, हे त्यांच्या एकत्र आयुष्यात तेवढं एकदाच घडलं असेल.

त्या साली प्रत्येक कचोरीच्या गाडीला एकेकच बाटली मिळाली. आणि पुढं कायम मिरची घरामागच्या वाडीतूनच आली. दर हिवाळ्यात गावोगावच्या बाया टोपल्या घेऊन येत. आपा टोपलीत नाक घालून वास घेत, मगच उतरवू देत.

शेठनं स्वतःचा सॉस काढला. लालभडक, स्वस्त. लेबलावर वाघ हवा होता. आणि तो वाघ, सांगायला आता हरकत नाही, मीच काढला. भिंतींचं काम गेलं होतं, घरात मुलीचं लग्न होतं. यावेळी मी पुस्तकातला फोटो समोर ठेवला, पंधरा दिवस ब्रश घासला. वाघ असा जमला की पाहून माणसाला घाम फुटावा. बाटल्या बाजारात आल्या त्या दिवशी मी आपांच्या गल्लीतून जायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्या दुकानात येऊन बाटली टेबलावर ठेवली, चष्मा लावून लेबल निरखलं.

"चांगला जमला रे वाघ," त्या म्हणाल्या. "माह्या वक्ताले काय झालं होतं तुले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपा मात्र हसत होत्या. "डरू नको. त्याच्यात तिखट नाई, नुसता वाघ हाये." त्या गेल्या, बाटली तिथंच ठेवून. ती मी कधी उघडली नाही.

शेठचा सॉस चालला, अजूनही चालतो. मांजर छाप त्याच्याशेजारी टिकून राहिली. मोठी झाली नाही, बंदही पडली नाही. आपांना कोणी म्हणे, थोडा रंग टाकला असता तर कुठच्या कुठं गेला असतात. त्या म्हणत, "जायचं कायले? इथंच तं राह्यचं हाये."

मागच्या हिवाळ्यात आपा गेल्या. वय झालं होतं, चार दिवसांचा ताप निमित्त झाला. जाण्याआधी दहाच दिवस बरण्या भरल्या होत्या. घरात गमी, म्हणजे दुखवटा, म्हणून सलीमनं अंगण बंद ठेवलं, पण बरण्यांना हात लावला नाही. चाळिसाव्या दिवशी जेवण होतं. चाळीस दिवसांचा नेम गमीत पहिल्यांदाच मोडला होता, बरण्या दहा दिवस जास्त मुरल्या होत्या. सकाळी सकरीबाईनं थोरलीचं फडकं सोडलं, मिरच्या वाटल्या आणि तो सॉस पंगतीत वाढला. शेठ आले होते. म्हातारे झालेत, काठी घेऊन आले. जेवण झाल्यावर त्यांनी सलीमला बाजूला घेतलं. मी हात धुवत होतो, मला ऐकू आलं.

"सलीमभाई, आता काय विचार? आपाजी तर राहिल्या नाहीत."

वाऱ्याच्या दिशेनं वाकणारा सलीम. मी हात धुवायचा थांबलो. शेठचं कपाळ घामानं डबडबलं होतं, आणि वयानं असेल, यावेळी त्यांचा हात माठाकडं गेला. सलीमनं तो हात मधेच धरला. खिशातून गुळाचा खडा काढून त्यावर ठेवला.

"पानी नाई भेटनार, शेठ," तो म्हणाला. "अन बरन्याबी नाई."

पंगतीतल्या बायांनी ते ऐकलं. डोळे सगळ्यांचेच वाहत होते, आणि कोणी कोणाला विचारलं नाही.

पण मला आपा आठवतात त्या त्याच्या दीड महिना आधीच्या. भिंतीवरच्या मांजरीचा रंग उडाला म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. माझे हात आता थरथरतात. मी म्हणालो, "आपा, आता मला वाघ येतो. काढू का?" त्यांनी नुसतं भिंतीकडं बोट दाखवलं. मी मनीचे पट्टे पुन्हा गिरवले. काम झाल्यावर आत गेलो. आपा थोरलीवर गाल ठेवून बसल्या होत्या, ऊन पाठीवर होतं, शेजारी सकरीबाई लसूण सोलत होती.

"पेंटर, इकडं ये," त्या म्हणाल्या. "मले आता कानानं बरोबर येत नाई. पाचवा दिवस हाये. आयक बरं, बोलते का?"

मी गुडघे टेकून कान लावला. गार चिनीमाती, आणि आत, खूप आत, सळसळ. "बोलते, आपा."

आपांनी माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं. "याचा भरोसा नाई. यानं वाघ म्हनून मांजर काढली होती. सकरे, तू आयक."

सकरीबाईनं लसूण खाली ठेवला, हात पदराला पुसले, कान लावला. तिनं बराच वेळ घेतला, मुद्दामच.

"काय म्हन्ते?" आपांनी विचारलं.

"तुमच्यावानीच हाये. नुसती बडबड. कोनाचं आयकून नाई राह्यली."

आपा समाधानानं मागं टेकल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मंग बोलू द्या तिले," त्या म्हणाल्या. "मधात कोनी तोंड घालू नका."